बारा रुपयांचं घर

भाऊबीजेच्या सकाळी वच्छलानं नवऱ्याला दोनदा विचारलं आणि कृष्णरावानं दोनदा "हाव" म्हटलं. ती तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात सासरे, शामराव, न्हाणीतून बाहेर आले, म्हणून तिनं धाकट्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण हातात घेतलं.

विचारायचं एवढंच होतं, की दुर्गच्या घराच्या भाड्याची गोष्ट आज काढणार की नाही.

आज नाही तर मग काढण्यात अर्थ नव्हता. भिलाईच्या स्टील प्लांटचं वाढीव काम सुरू झाल्यापासून दुर्गात खोली मिळेनाशी झाली होती. एका ठेकेदाराचा मुनीम बायकोपोरांना आणायचं म्हणून दोन महिने घर शोधत हिंडत होता. स्टेशनाजवळ तीन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर, मागे स्वतःची विहीर, एवढं ऐकल्यावर त्यानं न बघताच महिना पासष्ट रुपये कबूल केले. तीन महिन्यांचे आगाऊ देतो म्हणाला, पण जबाब उद्या सकाळी पाहिजे.

त्या घरात सहा वर्षांपासून कृष्णरावाची थोरली बहीण अन्नपूर्णा राहत होती, आणि ती बारा रुपये देत होती.

बारा हा आकडा शामरावांचा. रेल्वेत गँगचे मुकादम असताना त्यांनी दीडशे रुपयांत ती जागा घेतली. केवलराम नावाच्या शेतकऱ्याची भाठा जमीन, म्हणजे खडकाळ, कोदोसारखं हलकं धान्यसुद्धा नीट न येणारी. पैसे मोजून घेताना केवलराम हसला होता. चोपन्न साली फंडातून उचल काढून सतराशे रुपयांत घर उभं राहिलं. पुढच्याच वर्षी कारखाना भिलाईत येणार हे पक्कं झालं आणि केवलरामाचं हसू बंद झालं. साठ साली रेल मिलमधल्या कृष्णरावाला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं. म्हातारा बाप त्याच्याबरोबर तिकडे गेला. त्याच साली देवाजी, म्हणजे अन्नपूर्णेचा नवरा, तुमसरकडची शेती भावाकडे टाकून कामाच्या शोधात आला. रिकामं घर होतंच. पण देवाजी म्हणाला, सासऱ्याच्या घरात मी फुकट राहणार नाही. तेव्हा शामरावांनी बारा रुपये ठरवले. गल्लीत अठरा चालू होते. त्याच महिन्यात त्यांनी घर मुलाच्या नावावर केलं आणि कागदावर अंगठा उठवण्याआधी एकच अट सांगितली.

"घर तुहं. पन मी जिता आहो तोवर बाईकडून बाराच्या वर एक पैसा घेऊ नोको."

कृष्णराव सहज हो म्हणाला होता. सहा रुपयांचा फरक होता. सहा रुपयांसाठी कोणी बापाचा शब्द मोडत नाही.

सुपेल्याच्या नाक्यावर बस मिळाली. शामरावांना पुढे जागा मिळाली, दोन्ही पोरं त्यांच्या मांडीवर. कृष्णराव आणि वच्छला मागे दांडा धरून उभे राहिले.

"पासष्ट म्हना," वच्छला हळूच म्हणाली. "पन्नासपर्यंत उतरा. त्याच्या खाली नोको."

"आन् ती नाई म्हणाली तं?"

"नाई म्हणाली तं मुनीम हायेच." मग थोड्या वेळानं, "मी काही वैरीन नाई त्याईची. स्टेशनापलीकडचा प्लॉट मागच्या साली सोळाशे होता. परवा मालक म्हणला बावीसशे. आपन दोनशे जमवतो तोवर तो सहाशे पुढं जाते. तुमी रिटायर झाले का कंपनी क्वार्टर खाली करून घेईन. दोन पोरं हायेत. कुठी ठेवाचं?"

हाच प्रश्न कृष्णरावालाही पडला होता. म्हणून तर तो निघाला होता.

*

अन्नपूर्णेनं अंगणात पाट मांडून ठेवला होता. तिनं भावाला ओवाळलं. कृष्णरावानं ताटात दहाची नोट टाकली. दरवर्षी तो पाच टाकत असे. अन्नपूर्णेनं नोटेकडे पाहिलं, मग भावाकडे. जास्तीच्या पाच रुपयांचा अर्थ तिला तिथेच लागला.

वच्छला हात धुवायला विहिरीवर गेली. मागच्या खोलीला पितळेचं कुलूप होतं. दोरीवर खाकी सदरा आणि दोन बनियन वाळत होते. सदरा रुंद खांद्यांचा होता. देवाजीसारखे दोन जण त्यात मावले असते. खिडकीच्या गजाला प्लांटमधलं पिवळं हेल्मेट अडकवलेलं होतं, आणि देवाजी प्लांटमध्ये नव्हता. तो ठेकेदाराकडे सेंट्रिंगचं काम करी, कधी असलं तर.

ती चुलीपाशी येऊन बसली. अन्नपूर्णा पुऱ्या तळत होती. सोळा वर्षांची सुशीला, अन्नपूर्णेची एकुलती एक मुलगी, लाटून देत होती.

"सुशीला, तू जरा पोराईकडे पाय," वच्छला म्हणाली. "विहिरीकडं जाऊन राहिले."

सुशीला गेली. वच्छलानं लाटणं हातात घेतलं.

"बाई, मागच्या खोलीत कोन हाये?"

झारा कढईतच थांबला, पण क्षणभर. "भाडेकरू. विजयकुमार म्हनून. उत्तरेकडचा पोरगा हाये, प्लांटमधी क्रेन चालवते."

"कवापासून?"

"तीन वर्स झाले."

"किती देते?"

"पहिले बावीस देये. मागच्या दिवाळीपासून तीस."

वच्छलानं पुरी लाटली. हिशेब तिच्या डोक्यात पुरीआधी गोल झाला. बारा द्यायचे, तीस घ्यायचे, आणि दोन खोल्यांत फुकट राहायचं. वर अठरा शिल्लक. तिला राग आला, पण रागाच्या आधी दुसरंच काहीतरी आलं होतं. आपण बाईच्या जागी असतो तर तीन वर्षं कशाला थांबलो असतो, पहिल्याच वर्षी खोली दिली असती, असं तिच्या मनात आलं होतं.

"यायले माहीत नाई?" तिनं ओसरीवर बसलेल्या नवऱ्याकडे मान केली.

"नाई." अन्नपूर्णेनं पुरी निथळून ताटात टाकली. "सांगशीन?"

वच्छलानं विचार केला. ही गोष्ट तिच्या तोंडून निघाली तर बहीणभावात भांडण वच्छलानं लावलं, असं मरेपर्यंत ऐकावं लागेल. तिच्या तोंडून निघाली नाही तरी फायदा तोच होणार होता.

"मी कायले सांगू," ती म्हणाली. "तुमीच सांगा. पन आजच सांगा, बाई. आज ते भाड्याचं बोलाले आले हायेत."

"मले माहीत हाये," अन्नपूर्णा म्हणाली. "त्याची दहाची नोट बोल्ली ते."

*

जेवणं अर्धी झाली तरी कृष्णरावाला सुरुवात सापडेना. शामराव खीर पीत होते. देवाजी मान खाली घालून जेवत होता. तो एरवीही तसाच जेवायचा. शेवटी कृष्णराव म्हणाला,

"औंदा कवेलू फिरवाले पंचेचाळीस लागले, बाई. आपन घर बांधलं तवा पंधरात होये."

"हाव," अन्नपूर्णा म्हणाली. "मानूसच दोनचा चार मागते."

"नगरपालिकेनं टॅक्स बी वाढवला."

देवाजीनं घास खाली ठेवला. "किसनराव, सरळ बोला."

"सरळच बोलतो भाऊजी. सालाचे तुमचे एकशे चव्वेचाळीस येतात. कवेलू, टॅक्स, विहिरीचा गाळ, माह्या पगारातूनच भर पडते. इकडं एक मानूस पासष्ट देतो म्हनून राहिला. तीन महिन्याचे आगाऊ."

"मंग द्या त्याले."

"मी तसं म्हणलं नाई."

"मंग कसं म्हणलं? सन सोडून आमाले आकडा ऐकवाले आले का?"

"तुमी थांबा," अन्नपूर्णा नवऱ्याला म्हणाली. ती भावासमोर बसली. "किसना, तुह्या क्वार्टरचं कंपनी किती कापते?"

कृष्णरावाला प्रश्न कुठे जाणार ते कळलं. "सोळा."

"दोन खोल्या, नळ, लाईट, संडास. सोळा. बाहेर त्याचे किती येतीन?"

"ते वेगळं हाये, बाई. ते पगाराचंच हाये एक परकारे."

"किती येतीन?"

"ऐंशी," वच्छला म्हणाली. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तिलाही आपण हे का बोललो ते कळलं नाही. खरा आकडा माहीत असताना गप्प बसणं तिला जमत नसे.

"तुले ऐंशीचं घर सोळात भेटते, तं तो तुहा हक्क," अन्नपूर्णा म्हणाली. "मले पासष्टचं बारात भेटते, तं मी तुहा पगार खाते. तुले कंपनीनं सांभाळलं, मले बाबानं. फरक काय हाये, सांग."

कृष्णरावाला फरक माहीत होता, पण तो मांडता येईना. कंपनी त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर काढणार होती. त्या दिवशी त्याच्याकडे हे एवढंच घर असणार होतं. बहिणीला त्या दिवशी तो काय सांगणार होता? आत्ता नाही सांगता आलं तर तेव्हा कसं सांगणार?

"बाई, तांदूळ साठ पैसे होता तवा बारा ठरले," तो म्हणाला. "आता एक तीस हाये. कोनती वस्तू बाराची बारा राहिली? एक तं दाखव."

"बाबाचा शब्द."

वच्छलानं अन्नपूर्णेकडे पाहिलं. अन्नपूर्णेनं ते पाहणं ओळखलं. तिनं पदर खांद्यावर घेतला.

"आनखी एक गोष्ट हाये. तूच विचारशीन त्याच्या अगोदर मी सांगते. मागची खोली मी भाड्यानं देल्ली हाये. तीन वर्स झाले. तीस रुपये येतात."

कृष्णराव हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग त्यानं देवाजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"माह्या घरात?"

"हाव."

"माह्या घराची खोली तू तीसले देते, अन् मले बारा देते?" त्याचा आवाज चढला. अंगणातली पोरं थांबली. "म्हंजे माह्या घरात राहाचे मीच तुले अठरा देऊन राहिलो? अन् वर मी दरसाल कवेलू फिरवतो? तुह्या भाडेकरूवर पानी गळू नये म्हनून?"

"त्रेसष्ट साली यायचं काम सुटलं, सात महिने," अन्नपूर्णा नवऱ्याकडे मान करून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ठेकेदार गेला, मानसं सोडून देल्ली. त्या सात महिन्यात एका महिन्याचे बारा चुकले का? सांग, चुकले का?"

"मले सांगाचं होतं."

"काय सांगू? का भाऊ, माहा नवरा बसून हाये? तुनं बारा बी घेतले नसते, अन् यायनं घर सोडलं असतं."

देवाजी उठला. ताटात हात धुऊन तो अंगणात जाऊन उभा राहिला. त्याला जाताना कोणी थांबवलं नाही.

"बाबा," कृष्णराव बापाकडे वळला. "तुमी ऐकलं?"

शामरावांनी खिरीची वाटी खाली ठेवली.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

*

शामराव दर मंगळवारी बसनं दुर्गला येत. स्टेशनाच्या बाकावर जुन्या गँगमधल्या दोघातिघांशी बसत, दुपारी मुलीकडे जेवत. विजयकुमार त्यांना "दादाजी, प्रणाम" म्हणायचा. माहीत नसायला काही कारणच नव्हतं. मुलाला सांगायलाही त्यांना कारण दिसलं नव्हतं. भाडं बारा ठरलं होतं, बारा येत होतं.

त्यांनी चौतीस वर्षं रुळांवर काढली. तिथे दोन रुळांमधलं माप पाच फूट सहा इंच. नागपूरला तेवढंच, हावड्याला तेवढंच. ते नोकरीला लागले तेव्हा तेवढंच, सुटले तेव्हाही तेवढंच. एकदा ठरवलेला आकडा ठरलेला राहतो, ही गोष्ट त्यांना कोणी शिकवावी लागली नव्हती. बारा रुपये ठरवताना त्यांच्या डोक्यात तेच होतं. मुलीला आसरा आणि जावयाची मान, दोन्ही राहील असं माप त्यांनी धरलं होतं. ते माप बरोबर होतं. मग रुपयाच आखडत गेला, आणि ते कोणाच्याही नजरेत भरलं नाही, कारण बारा रुपये दिसायला बारा रुपयेच होते.

मुलगा काय बोलत होता ते त्यांच्या कानावर पडत होतं. तुमी तिकडचे, तुमी माह्या घरात राहून तिचं लपवलं, वगैरे. त्यांना त्याचा राग आला नाही. त्यांच्या मनात दुसरीच गोष्ट उभी राहिली होती आणि ती खरी आहे का ते त्यांना पाहायचं होतं.

"किसना," ते म्हणाले. "मी मागच्या दिवाळीले मेलो असतो, तं तुले आतापर्यंत किती जास्त भेटले असते?"

"सहाशे छत्तीस," कृष्णराव म्हणाला.

त्यानं विचार केला नव्हता. आकडा तयार होता, प्रश्न आला आणि तो बाहेर पडला. मग त्याला प्रश्न कळला.

वच्छलानं तोंडावर पदर धरला. अन्नपूर्णेनं भावाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि तेच कृष्णरावाला सोसलं नाही.

"बाबा, मी तसं कवाच... माह्या मनात तसं—"

"हिसाब बरोबर हाये," शामराव म्हणाले. "त्रेपन्न गुणिले बारा. मी आत्ता केला. तुहा पहिलेच झाला होता, एवढंच."

"बाबा, पाया पडतो—"

"ऐक. तू वाईट नाईस. मीच घातलं हे. 'मी जिता आहो तोवर' म्हणलं. म्हंजे मी जितका जगीन तितकं तुहं नुकसान. दर महिन्याले त्रेपन्न. पुढच्या साली साठ होईन. घरात म्हातारा खोकलला का तू उठून पानी देते. देते, मी नाई म्हणत नाई. पन पानी देताना तुले बी हिसाब आठवन, अन् पिताना मले बी आठवन. आजपासून तं आठवनच."

ते भिंतीला धरून उभे राहिले.

"माहा शब्द मी वापस घेतो. बाई, तुह्या विरोधात नाई, अन् याच्या बाजूनं नाई. मी जिता राहिलो तं घरातल्या कोनाचा तोटा होऊ नये, म्हनून घेतो. आता भाडं तुमी दोघं ठरवा. मले विचारू नोका. मी अठरा म्हणन का अठ्ठावन, मले आता कायचा भाव माहीत नाई."

लोटा उचलून ते अंगणात गेले. देवाजी तिथे उभा होता. दोघं विहिरीच्या काठावर बसले.

*

ओसरीवर तिघं उरले. कृष्णराव दोन महिने या क्षणाची वाट पाहत होता. मधे बाप नाही, शब्द नाही, समोर भाडेकरू बहीण, मागे मुनिमाचे पासष्ट. बोलायचा तो एक आकडा.

"सांग," अन्नपूर्णा म्हणाली.

"तूच सांग, बाई."

"घर तुहं हाये. मी कशी सांगू?"

तो खाली पाहत राहिला. पासष्ट ओठांवर येईना. पन्नास येईना. पन्नास बसमध्ये सोपं होतं. लहानपणी ताप आला तेव्हा या बहिणीनं त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं, असं काहीतरी आठवावं असं त्याला वाटलं. पण आठवले ते पंचेचाळीस रुपये, कवेलूचे.

"चाळीस," तो म्हणाला.

वच्छलानं मान वळवली. दहा रुपये तिच्या डोळ्यांसमोर गेले. आपण इथे बोललो तर हे चाळीसही राहणार नाहीत, हे तिला दिसत होतं.

"ठीक हाये," अन्नपूर्णा म्हणाली. "येत्या महिन्यापासून."

तिनं घासाघीस केली असती तर कृष्णरावाला बरं वाटलं असतं. तो छत्तीसवर, चौतीसवर आला असता. ते तिलाही माहीत होतं.

"अन् पावती पायजे," ती म्हणाली. "दर महिन्याले, तिकीट लावून."

"पावती कायले, बाई? आपल्यात—"

"बारा मी बाबाले देत होती. त्याले पावती लागत नाई. चाळीस घरमालकाले देईन."

तिनं ताटं गोळा केली. वच्छला मदतीला उठली, आणि दोघी चुलीपाशी बसून भांडी घासत राहिल्या. मधेच वच्छला म्हणाली, "मुनिमाले मी 'नाई' सांगून देते." अन्नपूर्णा म्हणाली, "बरं." त्या दुपारी त्या दोघींत एवढंच बोलणं झालं. पण पुढे कित्येक वर्षं भाडं वाढवायची वेळ आली की कृष्णराव यायचा नाही, वच्छला यायची, आणि दोघींचं दहा मिनिटांत ठरायचं.

चार वाजता पाहुणे निघाले. अन्नपूर्णेनं अनारशांची पुरचुंडी बापाच्या हातात दिली, नेहमीसारखी. शामरावांनी बसमध्ये बसल्या बसल्या ती सोडली आणि नातवांना एक एक देऊन स्वतः तीन खाल्ले. कृष्णराव मागच्या बाकावर खिडकीबाहेर पाहत होता. सुपेल्याला उतरताना त्यानं बापाचा दंड धरला. शामरावांनी धरू दिला. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. कृष्णरावानं त्यांची सेवा मनापासून केली. त्यात दुसरा काही हिशेब आहे का, हे त्याला स्वतःला तपासावं लागलं नाही.

*

विजयकुमार साडेपाचला सायकलवरून आला. अन्नपूर्णेनं त्याला हातपाय धुऊ दिले, चहा दिला, खिरीची वाटी दिली. मग ती दाराशी उभी राहिली. देवाजी अंगणात बसून होता. दुपारपासून तो बायकोशी बोलला नव्हता.

भांडी घासताना तिनं ठरवलं होतं ते चाळीस होतं. वरून आलेलं खाली तसंच सोपवायचं.

"भैया, अगले महिने से किराया बढ़ाना पड़ेगा."

विजयकुमारनं वाटी खाली ठेवली. "दीदी, पिछली दिवाली पे ही तो बढ़ाया था."

"हाव. बढ़ाया था." तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो सव्वीस वर्षांचा होता, दर महिन्याला गावी मनिऑर्डर करायचा, आणि ती त्याला लिहून द्यायला सुशीला बसायची. "छत्तीस."

स्टेशनाकडून मालगाडी गेली. तिच्या आवाजात बोलता येत नव्हतं, म्हणून दोघंही थांबले.

"दूसरा कमरा देखूँगा तो पैंतालीस में भी नहीं मिलेगा," तो शेवटी म्हणाला. ते त्यानं तिला सांगितलं नव्हतं, स्वतःलाच सांगितलं होतं. "मेरे साथ का एक लड़का है, दीदी. स्टोर में काम करता है, अभी स्टेशन पे सोता है. उसको साथ रख लूँ? अठारह-अठारह हो जाएगा."

अन्नपूर्णेनं विहिरीकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं. दोन माणसांचं पाणी, दोन माणसांचं धुणं.

"रख लो," ती म्हणाली. "उसका अलग से कुछ नहीं लूँगी."

रविवारी तो पोरगा आला. एक पत्र्याची पेटी आणि उसनी आणलेली खाट एवढंच त्याच्याकडे होतं. खाट दारातून आत जाईना. आडवी केली, उभी केली, तरी चौकटीला अडे. देवाजी थोडा वेळ ओसरीवरून बघत राहिला. मग उठून हातोडी घेऊन आला, खाटेचे दोन पाय ठोकून मोकळे केले, खाट तिरकी करून आत सरकवली आणि आत जाऊन पाय पुन्हा बसवून दिले.

"देख लो, हिलता तो नहीं," तो म्हणाला.

हलत नव्हती. दोन खाटांच्या मधे एका माणसाला उभं राहण्यापुरती जागा उरली होती. विजयकुमारनं आपली चप्पल खाटेखाली सारली, म्हणजे दुसऱ्यालाही तिथे पाय ठेवता येईल.